एका रंगवाचक क्रियापदाविषयी

‘इन्कार्नडाइन’ हे क्रियापद इंग्रजीत क्वचितच भेटते. मुळात ते विशेषण. अर्थ मांसवर्णी, फिकट गुलाबी. लॅटिनमधील मांसवाचक शब्दाशी त्याचे नाते आहे. ‘मॅक्बेथ’च्या दुसऱ्या अंकात शेक्सपिअरने त्याचे क्रियापद केले आणि गुलाबीचा रक्तवर्ण झाला. समुद्राने हात धुवायचा, तर हातच समुद्राला रंगवील, ही तेथील कल्पना. कर्तृत्व हाताकडे आहे. या भारदस्त शब्दामागोमाग कवी त्याचाच अर्थ साध्या, घरगुती रंगनामांनी सांगतो, हेही विसरता कामा नये.

मराठीत अडचण नेमकी येथे येते. तांबारणे, लालावणे, काळवंडणे ही आपली रंगक्रियापदे बहुधा अकर्मक. पाणिनीने ज्याची सोय केली ते ‘लोहितायते’ हे रूपही ‘तांबडे होते’ एवढेच सांगते. ‘समुद्र तांबारेल’ असे लिहिले की अपराधी हात वाक्यातून निसटतो. ‘रक्तरंजित करील’ म्हणावे, तर कर्ता सांभाळला जातो, पण शब्द वृत्तपत्री वापराने झिजलेला. तरीही मी तोच पत्करीन.

फिट्झजेराल्डच्या १८५९ मधील ‘रुबायां’त मात्र हेच क्रियापद गुलाबाच्या पिवळ्या गालासाठी आले आहे. तेथे मद्याने लाली चढायची आहे, आणि मांसवर्णाची जुनी छटा परतते. तेथेही ‘रक्तरंजित’ योजणारा अनुवादक गुलाबाचा खूनच करील! ‘आरक्त करणे’ तेथे शोभेल. मॅक्बेथच्या हाताला ते फार सौम्य पडेल.