आधार कोठे आहे?

पाचवी ते आठवीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हटकून भेटते: ‘श्यामची आई प्रेमळ व थोर होती.’ वाक्य खोटे नाही; पण ते पुस्तक न उघडताही लिहिता येते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची कीर्ती घरोघर पोहोचली आहे, आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने तीत भरच घातली. त्यामुळे मुलांस मत आयतेच मिळते. मिळत नाही तो त्या मतामागचा आधार.

येथे शिक्षकाने एवढेच विचारावे, ‘कशावरून?’ ‘थोर अश्रू’ या प्रकरणात अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो. आई आपले लुगडे पसरते, त्याचा हट्ट पुरवते आणि मग पायांइतकेच मनालाही जपायला सांगते. हा प्रसंग शोधून, त्यात माया कोणती व शिकवण कोणती हे जो मुलगा आपल्या शब्दांत सांगतो, त्याचे ‘प्रेमळ’ हे विशेषण उसने राहत नाही.

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात पोहण्यास भिणाऱ्या श्यामला तीच आई मारते. यावरून एखाद्या मुलीने ‘आई कठोर होती’ असे लिहिले, तर मार्गदर्शिकेतल्या उत्तराशी जुळत नाही म्हणून तिचे गुण कापावेत काय? आमच्या मते तो अन्याय होईल. तिने ओळीवर बोट ठेवलेले आहे. मात्र मागचेपुढचे सोडून उचललेली ओळ हा पुरा आधार नव्हे. म्हणून तिला पुढे वाचावयास सांगावे. आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणू नये, ही आईची तळमळ तेथे आहे. ती वाचून मुलगी मत बदलील, किंवा ‘हेतू चांगला, तरी मार नको होता’ असे म्हणेल. दोन्ही उत्तरे आम्ही ग्राह्य मानू.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. गोव्यात घरी कोंकणी बोलणारे किंवा बेळगावात शेजारी कानडी ऐकत वाढलेले मूल अलंकारिक मराठीत मागे पडेल; पण पाठातली नेमकी ओळ दाखविण्यात ते कोणापेक्षाही उणे नाही. भाषेच्या डौलालाच गुण दिले, तर त्याच्या वाचनाला वर्गात किंमत उरत नाही.

पुस्तकावरची भक्ती कमी होईल, ही धास्ती आम्हांस व्यर्थ वाटते. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक मताखाली ‘कशावरून?’ एवढा एक शब्द वाढवावा. त्याचे उत्तर देण्यासाठी मुलांना ‘श्यामची आई’ उघडावीच लागेल.