छप्पर तेवढं बाकी आहे

संतचरित्रांच्या वाचकाला एक खोड लागते: पानं भराभर उलटून चमत्कार गाठायचा. आंधळ्याला दिसू लागलं, मेलेला उठून बसला, मूर्ती वितळली, की चरित्र वसूल. येशूचा शिष्य प्रेषित थॉमस याच्या सर्वांत जुन्या चरित्रातलं एक प्रकरण मात्र या खोडीला दाद देत नाही. त्यात बराच वेळ चमत्कार घडतच नाही. घडतात ते बांधकामाचे व्यवहार: कामाची चौकशी, जागेची पाहणी, आराखडा, उचल, प्रगतीचा निरोप, पुन्हा पैसे. आणि बांधकाम? ते तर मुळीच होत नाही.

‘थॉमसची कृत्ये’ हा ग्रंथ तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एडेसा नगराच्या परिसरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फा भागात, सिरियाक भाषेत रचला गेला असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा जुना ग्रीक पाठही हाती आहे. चर्चनं तो बायबलमध्ये घेतला नाही, अप्रमाण ग्रंथांत टाकला. पण त्यातल्या गोष्टी मात्र टाकल्या नाहीत. भारतात गेलेला प्रेषित ही थॉमसची प्रतिमा ख्रिस्ती जगात सर्वदूर पोचली ती बरीचशी या ग्रंथामुळे. राजवाड्याची गोष्ट हे त्यातलं दुसरं प्रकरण, आणि माझ्या मते सगळ्या ग्रंथातलं सर्वांत चतुर.

त्याआधी एक लहानसा प्रसंग येतो, तो सोडून पुढे जाता येत नाही. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतलं आणि थॉमसच्या वाट्याला भारत आला. तो जायला तयार नाही. प्रकृती धड नाही, आपण पडलो हिब्रू, त्या लोकांना काय सांगणार, अशा सबबी. दुसरीकडे कुठेही पाठवा, पण भारतात नको. अशा वेळी संतचरित्रात एखादा देवदूत दरडावायला यायचा. इथे भरदुपारी बाजारात खुद्द येशू उभा राहतो. भारताच्या राजानं कारागीर शोधायला पाठवलेला हब्बान नावाचा व्यापारी तिथे फिरत असतो. येशू त्याला गाठून आपला एक गुलाम विकायला काढतो. सौदा ठरतो, ग्रीक पाठात किंमत येते तीन लित्रा चांदी, आणि रीतसर खरेदीखत होतं. खतात विकणाऱ्याची ओळख योसेफ सुताराचा मुलगा अशी घातलेली आहे. हब्बान थॉमसला विचारतो, हा तुझा मालक का? थॉमस हो म्हणतो. मी तुला याच्याकडून विकत घेतलंय, असं हब्बान सांगतो, त्यावर थॉमस गप्प.

ती चुप्पी फार मोलाची आहे. येशूला ‘माझा प्रभू’ म्हणणारा हा माणूस. आता त्याच शब्दावर त्याला कायद्यानं धरलंय. भक्तीच्या भाषेतलं दास्य बाजारात खरं ठरतं, तेव्हा नाकारायला तोंड उरत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गलबतावर चढतो तेव्हा त्याच्याजवळ सामान म्हणून एकच गोष्ट असते: त्याची स्वतःची किंमत. प्रवचनाचं अख्खं पान वाचवणारा हा तपशील लेखकानं जाता जाता टाकलाय.

पुढे गुंडफर राजाचा दरबार. राजा सरळ विचारतो, काय काय येतं तुला? थॉमस यादी देतो. लाकडात नांगर, जू, तराजू, नावा, वल्ही, डोलकाठ्या. दगडात खांब, देवळं आणि राजांचे वाडे. मला वाडा बांधून देशील? देईन, त्यासाठीच तर आलोय. मग राजा त्याला वेशीबाहेर जागेवर नेतो. झाडी आहे, पाणी मुबलक आहे. थॉमस बोरू घेऊन जमिनीवर आराखडा काढतो: दरवाजे उगवतीला म्हणजे उजेड येईल, खिडक्या मावळतीला म्हणजे वारा खेळेल, भटारखाना दक्षिणेला, पाण्याचे पाट उत्तरेला. राजा खूष. तू खरा कारागीर, म्हणतो. काम कधी सुरू करणार यावर थॉमस ऑक्टोबरच्या आसपासचा महिना सांगतो आणि एप्रिलच्या सुमाराला संपवीन म्हणतो. राजा चक्रावतो: सगळं जग उन्हाळ्यात बांधतं, तू हिवाळ्यात बांधणार?

इथे क्षणभर थांबायला हवं. स्वर्गातल्या वाड्याचं रूपक रचायचं होतं, तर भटारखान्याची दिशा कशाला हवी? एखाद्या सामान्य उपदेशकानं दोन ओळींत काम उरकलं असतं: राजानं धन दिलं, संतानं दान केलं, स्वर्गात वाडा झाला. या लेखकाला ठाऊक आहे की रूपक पोकळ असेल तर हसू येत नाही, आणि हसू आलं नाही तर धक्काही बसत नाही. म्हणून तो वाडा आधी पुरता खरा करतो. पाण्याचे पाट आखल्यावर वाचकही राजाच्या शेजारी उभा राहून त्या जागेकडे पाहू लागतो. हिवाळ्याच्या प्रश्नात तर पुढच्या सगळ्याची चाहूल आहे. ज्या ऋतूत कुणी बांधत नाही त्याच ऋतूत हा बांधणार, याचा अर्थ राजाला कळत नाही आणि पहिल्या वाचनात आपल्यालाही नाही.

राजा पैसे देऊन निघून जातो आणि अधूनमधून आणखी पाठवत राहतो. थॉमस गावोगाव फिरून ते गरिबांना वाटतो. काही काळानं राजाचा माणूस येतो: काम कुठवर आलं? थॉमसचा निरोप जातो, वाडा बांधून झालाय, छप्पर तेवढं बाकी आहे. राजा छपरासाठी सोनं-चांदी रवाना करतो. तेही वाटलं जातं.

ज्यानं कधी घर बांधून घेतलंय त्याला हा निरोप ओळखीचा वाटेल. स्लॅबचे पैसे तेवढे टाका म्हणणारा ठेकेदार प्रत्येक गावात असतो. गंमत इतकीच की बाहेरून पाहता ही निव्वळ फसवणूक आहे, आणि कथा तसं वाटू देते. थॉमसची बाजू सावरायला लेखक धावत नाही, त्याच्या मनात शिरून खुलासे करत नाही. मात्र थॉमसच्या हिशेबानं निरोप अक्षरशः खरा आहे. दिलेल्या प्रत्येक पैशाची तिकडे भिंत चढतेय. शेवटचे पैसे हातात पडेपर्यंत छप्पर बाकीच असणार. एकच वाक्य राजाच्या वहीत खोटं आणि दुसऱ्या वहीत खरं, अशी ही विनोदाची जात आहे. संतचरित्रांत ती दुर्मिळ.

राजा शहरात परततो आणि मित्रांकडे वाड्याची चौकशी करतो. ते म्हणतात, कसला वाडा? हा तर गावोगाव हिंडतो, असेल ते गरिबांना देऊन टाकतो, नव्या देवाचं सांगतो, आजारी बरे करतो. आम्हाला वाटतं, जादूगार असावा. पण याच तक्रारीत ते पुढे सांगून जातात की तो उपचाराचे पैसे घेत नाही, मीठभाकरीवर राहतो, पाणी पितो, उन्हाळा असो की हिवाळा, अंगावर एकच वस्त्र असतं. संताची स्तुती विरोधी साक्षीदारांच्या तोंडून वदवून घ्यायची ही खुबी पाहण्यासारखी आहे. खटला भरायला आलेली माणसं नकळत प्रशस्तिपत्र वाचून दाखवतात. हे ऐकून राजा काय करतो? तो दोन्ही हातांनी तोंड चोळतो आणि बराच वेळ मान हलवत राहतो. अठराशे वर्षांपूर्वीच्या धार्मिक ग्रंथात पैसे बुडालेल्या माणसाचं इतकं अचूक चित्र सापडेल अशी माझी तरी अपेक्षा नव्हती.

मग समोरासमोर. वाडा बांधलास? बांधला. कधी बघायला जाऊ? आत्ता दिसायचा नाही. हे आयुष्य संपल्यावर दिसेल.

हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे, ते लक्षात घ्या. योहानच्या शुभवर्तमानातल्या थॉमससारखा शंकेचा दुसरा नमुना नाही. मेलेला येशू उठलाय असं दहा सोबती सांगत असताना, त्याच्या हातातले खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं बजावणारा. कॅराव्हाजोनं १६०१-०२च्या सुमाराला रंगवलेल्या चित्रात तर त्याचं बोट जखमेत रुतलेलंच आहे. शुभवर्तमान मात्र त्यानं खरोखर हात लावला असं कुठेही म्हणत नाही. तोच थॉमस आता दुसऱ्याला सांगतोय, न पाहता मान. गुंडफर राजा थॉमसच्या जुन्या जागी उभा आहे. त्याची मागणी अगदी तीच आहे, आणि ती रास्तही आहे: दाखव. थॉमसकडे दाखवायला काही नाही. त्या जुन्या प्रसंगाचा उल्लेख लेखक इथे चुकूनही करत नाही. सगळा भार त्यानं वाचकाच्या आठवणीवर टाकलाय, आणि ते त्याच्या कसबाचं लक्षण आहे.

राजा दोघांना, थॉमसला आणि बिचाऱ्या हब्बानला, कैदेत टाकतो. कातडी सोलून जाळायचं ठरतं. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद आजारी पडतो. कारण? राजाची झालेली फसवणूक त्याच्या मनाला लागते. म्हणजे वाड्यापायी खंगून मरणारा माणूसच वाडा पाहणारा पहिला ठरतो. देवदूत त्याचा आत्मा वर नेतात, तिथली घरं दाखवतात आणि कुठे राहायला आवडेल म्हणून विचारतात. एका वाड्यापाशी तो अडतो: याच्या खालच्या मजल्यावरची एखादी खोली मिळाली तरी चालेल. देवदूत सांगतात, इथे नाही राहता यायचं, हा तुझ्या भावाचा आहे, त्या ख्रिस्ती माणसानं बांधलेला. गाद म्हणतो, मग मला परत जाऊ द्या, भावाला काही ठाऊक नाही, वाडा विकेल तो मला. अंगावर कफन चढवत असतानाच तो जिवंत होतो.

चमत्कार आता कुठे आला, आणि त्याच्या पाठोपाठ काय येतं? घासाघीस. गाद आधी राजाकडून वचन घेतो, मागेन ते विकशील ना? राजा वचनात अडकल्यावर मागणी पुढे येते: स्वर्गातला तुझा वाडा मला दे. राजा म्हणतो, स्वर्गात माझा वाडा कुठून आला? गाद सगळं सांगतो. राजाच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि पहिला उद्गार निघतो तो पक्क्या मालकाचा. तो मी विकू शकत नाही, मलाच तिथे राहायला मिळो अशी माझी प्रार्थना आहे. तुला हवा असेल तर कारागीर जिवंत आहे, तो तुला याहून चांगला बांधून देईल. काल ज्याची कातडी सोलायची होती त्याची आज शिफारस! राजाचं मन पालटल्याचं लेखक वेगळं सांगत नाही. बोलण्यातला मालकी हक्कच ते सांगतो.

या ठिकाणी कथेचा खरा पेच उकलतो. राजानं वाडा पाहिलाच नाही. पाहिला गादनं, राजानं केवळ भावाच्या शब्दावर विश्वास ठेवला. जिवलगांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं आणि ते मानायचं, नेमकं हेच थॉमसला जमलं नव्हतं. ज्या परीक्षेत प्रेषित अडखळला त्यात परधर्मी राजा उत्तीर्ण होतो, आणि तोही परीक्षक थॉमस असताना. थॉमसचा मोठेपणा वाढवायला बसलेल्या लेखकानं त्याची जुनी उणीव झाकली नाही. तिच्यावरच कथेची मांडणी उभी केली.

१३व्या शतकात याकोबुस दे वोराजिने या डोमिनिकन धर्मगुरूनं ‘सुवर्णगाथा’ हा संतचरित्रांचा लॅटिन संग्रह केला. त्याच्या सुमारे हजार हस्तलिखित प्रती आजही आहेत. थॉमसच्या प्रकरणात त्यानं हीच गोष्ट आवरून सांगितली. राजा दोन वर्षं परगावी, दान, कैद, गाद, क्षमा. भटारखाना गेला, हिवाळा गेला, छपराचा निरोप गेला. बदल्यात थॉमसच्या तोंडी एक नेटका विचार आला: संपत्ती माणसाच्या आधी तिकडे जाऊ शकते, मागाहून येऊ शकत नाही. बोध म्हणून तो उत्तमच, पण छपराच्या त्या एका निरोपात हे सगळं आधीच होतं, शिवाय हसू होतं. वोराजिनेचा गुण वेगळा. लग्नाच्या मेजवानीत थॉमसला थप्पड मारणाऱ्या सेवकाचा हात कुत्रा तोंडात धरून आणतो, ही सूडाची गोष्ट तो सांगतो आणि लगेच संत ऑगस्टिनचा तिच्यावरचा आक्षेपही नोंदवतो. शंकेखोर प्रेषिताच्या चरित्रात शंकेला जागा ठेवणारा संकलक मला आवडतो.

या गुंडफर राजाला कल्पित समजण्याची सोय १९व्या शतकात संपली. अफगाणिस्तान आणि पंजाबात ग्रीक व खरोष्ठी अक्षरांची नाणी मिळाली, आणि पहिल्या शतकात त्या भागावर राज्य करणारा गोंडोफर्नीस इतिहासात आला. तख्त-इ-बाहीचा त्याच्या काळचा शिलालेख लाहोरच्या संग्रहालयात आहे. त्यावरून थॉमस त्याच्या दरबारी गेला हे सिद्ध होत नाही. केरळच्या ख्रिस्ती परंपरेतला थॉमस तर इ.स. ५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरतो. पण एडेसाच्या लेखकाला दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या परमुलखातल्या राजाचं नाव बरोबर माहीत होतं, एवढं नक्की.

ग्रंथ सगळा असाच सरस आहे असं नाही. पुढच्या प्रकरणांत संसारत्यागाचा आग्रह इतका वाढतो की प्रवचनाखाली माणसं दबून जातात. राजवाड्याच्या प्रकरणात लेखकाला व्यवहार समजतो, आणि व्यवहार समजणाऱ्यालाच त्याची थट्टा करता येते.

लोकांनीही ती बरोबर पकडली. वास्तुरचनाकारांचा थॉमस हा आश्रयदाता संत, आणि चित्रांत-मूर्तींत अनेकदा त्याच्या हाती गवंड्याचा गुण्या दिलेला असतो. राजाच्या पैशांत एक दगडही न रचणाऱ्या माणसाला बांधकामाचा मान देताना कुणाला काही विसंगत वाटलं नाही, यातच या कथेचं यश आलं.