टेलिस्क्रीनची फसवी उपमा

स्मार्ट टीव्हीचा विषय निघाला की ऑर्वेलची साक्ष काढली जाते. 2015 साली सॅमसंगच्या गोपनीयता धोरणातली एक सूचना गाजली: टीव्हीसमोर बोललेले खासगी शब्दही आवाज ओळखण्याच्या सोयीतून त्रयस्थ कंपनीकडे जाऊ शकतात. लगेच ‘नाइन्टीन एटी-फोर’मधल्या टेलिस्क्रीनशी तुलना झाली. ही उपमा कादंबरीवर अन्याय करते आणि टीव्हीच्या खऱ्या धंद्यावर पांघरूण घालते.

विन्स्टनला आपल्यावर नजर असू शकते हे ठाऊक असते. म्हणून तर तो पडद्याच्या टप्प्याबाहेरचा कोनाडा गाठून रोजनिशी लिहितो. टेलिस्क्रीनची सत्ता या धाकावर उभी आहे. स्मार्ट टीव्हीला धाक परवडत नाही, त्याला गाफील प्रेक्षक लागतो. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीचे संच 2014 पासून पडद्यावरच्या चित्राचे ठिपके सेकंदागणिक टिपून पाठवत. ते साठवलेल्या चित्रांशी ताडून कार्यक्रम ओळखला जाई, मग तो केबलवरचा असो की डीव्हीडीवरचा. 1 कोटी 10 लाख संचांची ही माहिती वय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती अशा तपशिलांची जोड देऊन विकली गेली, असा फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. 2017 साली 22 लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे संचामागे वीस सेंट!

या सोयीचे नाव होते ‘स्मार्ट इंटरॲक्टिव्हिटी’, आणि सेटिंगमध्ये तिचे वर्णन कार्यक्रमांच्या सूचना मिळतील एवढेच. ऑर्वेल आठवायचाच तर इथे आठवावा, न्यूस्पीकचा ऑर्वेल. टीकाकार यंत्र पाहत राहिले आणि शब्द निसटला.

कादंबरीत बहुसंख्य प्रोलांच्या घरी टेलिस्क्रीन नसतोच. तो बंद करण्याची मुभा ओब्रायनसारख्या आतल्या गोटातल्यांना. आपल्या दिवाणखान्यात उलटे घडते: स्वस्त संच घ्यायला कोणालाही मोकळीक. 2021 च्या एका तिमाहीत व्हिझिओचा ढोबळ नफा संचविक्रीपेक्षा जाहिराती-माहितीच्या विभागात जास्त होता. स्वस्ताईची उरलेली किंमत कुठून वसूल होते, ते यातून दिसते.

पर्यायांची चर्चाही अशीच भाबडी होते. वेगळी स्टिक किंवा बॉक्स लावला की सुटलो, असे मानतात. पण खतावणी नुसती दुसऱ्या दुकानात जाते, आणि संच वायफायवर असेल तर बाहेरून जोडलेले चित्रही त्याला ओळखता येते. सेटिंगमधली ओळख-सोय बंद करता येते, पण ती सापडावी लागते आणि बंद केल्यावर कंपनीच्या शब्दावर विसंबावे लागते. त्यापेक्षा संचाला वायफायचा पासवर्डच देऊ नये आणि लॅपटॉप तारेने जोडावा. संच मग नुसता पडदा उरतो. लॅपटॉपवरच्या ओटीटी कंपनीला आपण काय पाहतो ते कळतेच. डीव्हीडी मात्र आपली आपल्यापाशी राहते.