रॉममधील संहिता आणि पाठचिकित्सेची कक्षा

'संहिता' या संज्ञेचा विस्तार मराठी समीक्षेने एव्हाना मान्य केला आहे. चित्रपट, जाहिरात, विधी, नगररचना यांचे वाचन संहिता म्हणून करण्यात आता कोणास नावीन्य वाटत नाही. मात्र अक्षरशः लिहिलेला असूनही या विस्तारातून वगळला गेलेला एक लेखनप्रकार आहे, तो म्हणजे संगणकाची आज्ञावली. १९८०च्या दशकातील घरगुती संगणकांच्या चिपमध्ये मूलभूत आज्ञावली कायमची साठवलेली असे. यंत्र सुरू होताच प्रथम तीच कार्यान्वित होई. तिला फर्मवेअर म्हणतात आणि ती ज्या चिपमध्ये असते तिला रॉम. या आज्ञावल्यांच्या जतनाचे काम मुख्यतः हौशी तंत्रज्ञांनी केले आहे. हे काम तत्त्वतः पाठचिकित्सेचे आहे आणि पाठचिकित्सेच्या एका रूढ गृहीतकाची फेरतपासणी करण्यास ते भाग पाडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम साधनाचा विचार करू. काही रॉममधील मजकूर चिप घडवतानाच तिच्या रचनेत उतरवलेला असतो. 'ईप्रॉम' प्रकारच्या चिपमध्ये मात्र तो विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. अतिनील किरणांनी तो पुसला जातो आणि वर्षानुवर्षे भार झिरपून आपोआपही क्षीण होतो. म्हणून जतन करणारा एकच चिप अनेकदा वाचतो, शक्य तर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या चिपशी ती ताडून पाहतो आणि संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेला 'चेकसम' नोंदवतो. परंतु चेकसम जुळल्याने दोन प्रती एकरूप असल्याची ग्वाही मिळते. त्या मुळाशी प्रामाणिक आहेत, हे त्यातून सिद्ध होत नाही. एकाच सदोष पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्यांची साक्ष दहापट होत नाही, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

आता दोषाकडे वळू. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या संगणकाची रॉम १६,३८४ बाइटांची होती. इयन लोगन आणि फ्रँक ओहारा यांनी १९८३ साली तिचे संपूर्ण विवरण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आज्ञेमागून आज्ञा उलगडत जाणारा हा ग्रंथ आपल्या परंपरेतील टीकाग्रंथांची आठवण करून देतो. या रॉममध्ये एक प्रसिद्ध स्खलन आहे. बाहेरून आलेला एक विशिष्ट व्यत्यय-संकेत हाताळताना ठरावीक जागी शून्येतर पत्ता असेल, तर प्रोसेसरने तिकडे वळावे, अशी योजना दिसते. प्रत्यक्षात अट उलटी लिहिली गेली आहे. ४० या बाइटाच्या जागी ३२ आहे. द्विमान पद्धतीत हा फरक केवळ एका बिटाचा. पोथी असती तर संपादकाने हा अपपाठ ठरवून मूळ पाठ सुचवला असता. परंतु हा लेखनिकाचा प्रमाद नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रांत तो तसाच होता आणि वापरणाऱ्यांना लाभलेली संहिता तीच होती. तो दुरुस्त केल्यास कधीही अस्तित्वात नसलेली संहिता आपण १९८२ची म्हणून पुढे ठेवू.

याहून उद्बोधक आहे ते या रॉममधील रितेपण. तिच्या अखेरच्या भागात, अक्षरांच्या आकृत्यांच्या अगोदर, १,१७० बाइट न वापरलेले आहेत. त्या प्रत्येकाचे मूल्य २५५ आहे. काही न लिहिता उरलेली ही जागा. पुढे इतरांनी रचलेल्या अनेक कार्यक्रमांनी या एकसारख्या मूल्यांचा तक्ता म्हणून उपयोग केला. व्यत्यय येताच प्रोसेसर तेथून पत्ता घेई आणि ६५,५३५ या स्मृतीच्या शेवटच्या स्थानी जाई. तेथे उडी घेण्याची अर्धीच आज्ञा ठेवलेली असे. तिचा उत्तरार्ध म्हणून रॉमचा अगदी पहिला बाइट, २४३, वाचला जाई. यंत्र सुरू होताना हाच बाइट 'व्यत्यय थांबवा' अशी स्वतंत्र आज्ञा असतो. येथे तो 'तेरा स्थाने मागे' असे अंतर होतो. चिन्हाचा अर्थ त्याच्या स्थानसंबंधातून सिद्ध होतो, या सिद्धान्ताचे याहून काटेकोर उदाहरण क्वचितच मिळेल. रित्या जागेला मजकूर न मानता ती गाळणारा किंवा वेगळ्या मूल्याने भरणारा संपादक हा सारा व्यवहार मोडून टाकील.

तेव्हा दोष आणि रितेपण हे या संहितेचे घटकच ठरतात. पाठचिकित्सा म्हणजे शुद्धीकरण, हे गृहीतक येथे टिकत नाही. अर्थात हे गृहीतक उत्तम पाठचिकित्सेचे कधीच नव्हते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. स. सुकथनकर यांनी स्वकल्पित दुरुस्तीला अत्यल्प स्थान दिले आणि संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेघ देऊन आपली साशंकता वाचकासमोर उघड ठेवली. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाची ही शिस्त रॉमच्या जतनकर्त्याला आजही उपयोगी आहे. भेद आहे तो साक्षींच्या स्वरूपात. तेथे असंख्य भिन्न पोथ्यांतून संहितेकडे जावयाचे होते. येथे एका आवृत्तीच्या प्रती तत्त्वतः एकरूप असतात आणि आवृत्त्यांमधील भेद उत्पादकाने स्वतः केलेले असतात. त्यांतून एक मिश्र पाठ घडवण्यापेक्षा प्रत्येक आवृत्ती स्वतंत्रपणे राखणेच युक्त.

जुना कार्यक्रम आजच्या यंत्रावर चालला की जतन झाले, असे मानण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. १९८१ साली आलेल्या 'बीबीसी मायक्रो'चे उदाहरण पाहावे. भारतात १९८४मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता योजनेत हेच यंत्र वापरले गेले. त्याच्या रॉमच्या १.२० या आवृत्तीतील ७६८ बाइट ज्या पत्त्यांवर येतात, ते पत्ते बाह्य उपकरणांसाठी राखलेले आहेत. त्यामुळे नेहमीच्या व्यवहारात प्रोसेसरला ते दिसत नाहीत. चिप वेगळी काढून वाचली, तर तेथे या यंत्राच्या निर्मितीस हातभार लावणाऱ्यांची नावे आणि त्यांचे आभार आढळतात. ही पोथीच्या अखेरची पुष्पिकाच होय. मात्र ज्या यंत्रासाठी पोथी लिहिली, त्याच यंत्राला ती वाचता येत नाही. केवळ 'चालणे' हा निकष ठेवला असता, तर ही नावे निरुपयोगी म्हणून गळाली असती.

हक्काचा प्रश्नही येथे अटळ आहे. १९८६ साली सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ॲमस्ट्रॅडकडे गेला. १९९९ साली ॲमस्ट्रॅडने स्वामित्व राखून या रॉमच्या वितरणास अनुमती दिली. आतील हक्कनिर्देश बदलू नयेत, ही त्यातील अपेक्षा होती. म्हणजे कायद्यानेही पाठाच्या अखंडतेचाच आग्रह धरला. परंतु अशी अनुमती ही त्या त्या स्वामीची मर्जी असते. तिच्या भरवशावर परंपरा उभी राहत नाही.

मराठीच्या अभ्यासकाने यात का पडावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या लिपीच्या अलीकडच्या इतिहासात आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डासारख्या साधनांनी देवनागरी संगणकाच्या पडद्यावर आणली. जोडाक्षर कसे घडवावे, रफार कोठे बसवावा, वेलांटी उच्चारानंतर येत असूनही अक्षराआधी कशी दाखवावी, याचे निर्णय अशा साधनांच्या अंतरंगात आज्ञारूपाने नोंदलेले असतात. लिपीच्या इतिहासकाराला शिळेवरील अक्षरवळण जितके मोलाचे, तितकेच हे निर्णय मोलाचे आहेत. त्यांचा पाठ आवृत्तीसह, दोषांसह आणि रित्या जागांसह नोंदवण्याची शिस्त आपल्या विद्याशाखेजवळ आहे. ती वापरण्याचे आपण नाकारले, तर या संहितांत काय राखावे आणि काय गाळावे, याचा निर्णय पाठचिकित्सेला वगळून होईल.