वेशभूषा शिकायची कुठून?

मराठी नाटकाच्या परीक्षणात वेशभूषेच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते. ‘वेशभूषा अनुरूप’ किंवा ‘वेशभूषा प्रसंगोचित’ एवढे लिहून समीक्षक पुढे सरकतो. अनुरूप म्हणजे कशाला, पात्राला, काळाला की नुसतीच नटाच्या अंगाला, हे कोणी विचारत नाही. अभिनयावर आणि संहितेवर आपण भरभरून लिहितो, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेवरही अधूनमधून लिहितो. नटाच्या अंगावर तीन तास असलेल्या कापडावर मात्र लिहीत नाही. या अनास्थेचा परिणाम आज रंगमंचावर दिसतो. व्यावसायिक नाटकात वेशभूषा ही खरेदीची बाब झाली आहे आणि हौशी नाटकात भाड्याची. ती नाटक वाचण्याची एक रीत आहे, हे शिकवले जात नाही. नवख्या वेशभूषाकाराने मूलतत्त्वे शिकायची, तर त्याने या वाचनापासून सुरुवात करावी.

याचे सूत्र आपल्या परंपरेत फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांच्या बरोबरीने आहार्य हा अभिनयाचाच चौथा प्रकार मानला. वेश हा भरताच्या लेखी सजावटीत मोडत नाही, तो अभिनयाचा भाग आहे. त्याने वेशाचे शुद्ध, विचित्र आणि मलिन असे तीन प्रकार केले. मंगलकार्यातल्या माणसाचा वेश शुद्ध, राजांचा आणि विलासी लोकांचा विचित्र म्हणजे रंगीबेरंगी, आणि उन्मत्त, मद्यपी, प्रवासाने थकलेले किंवा संकटात सापडलेले यांचा मलिन. ही विभागणी नीट पाहिली तर लक्षात येते की तिच्या मुळाशी माणसाची त्या घडीची अवस्था आहे. तोच राजा पहिल्या अंकात विचित्र वेशात असेल आणि चौथ्या अंकात मलिन. पात्राचा एक पोशाख ठरवून मोकळे होण्याची आपली सवय या साध्या विचाराच्याही मागे राहिली आहे.

वेश अभिनयाचा भाग आहे, हे भान लोकरंगभूमीने सांभाळले. सिंधुदुर्गातल्या दशावतारात नट आपली रंगभूषा आणि आपला पोशाख स्वतःच करतो. संकासुराचा काळा वेश दिसला की लहान मुलालाही कोण आले ते कळते. तिथे वेश ठरलेला असतो, पण तो कसा पेलायचा हे प्रत्येक नट वर्षानुवर्षे शिकत असतो. त्याला कपड्याचे वजन माहीत असते, कंबरपट्टा किती आवळला की श्वास अडतो हे माहीत असते. नागर रंगभूमीवरच्या अनेक नटांना रंगीत तालमीपर्यंत आपला पोशाख अंगावर चढवायलाही मिळत नाही. मग पहिल्या प्रयोगात नट पदराशी झुंजताना दिसला तर दोष त्याला का द्यावा?

नागर रंगभूमीची ओढ वैभवाकडे का गेली, याचे उत्तर बालगंधर्वांपाशी सापडते. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि कपडेपट हा मंडळीच्या प्रतिष्ठेचा विषय झाला. उंची शालू, पैठण्या, दागिने, अत्तरे यांवर मंडळीने सढळ हाताने खर्च केला. बालगंधर्वांची साडी नेसण्याची आणि केशरचनेची ढब घरंदाज स्त्रियांनी उचलली. एका पुरुष नटाने स्त्रियांच्या नेसण्याला वळण लावावे, हे आहार्याचे केवढे सामर्थ्य! त्यांचे नेसणे, चालणे आणि पदर सावरणे यांत अखंड निरीक्षण होते, म्हणून ते भरजरी वस्त्र भूमिकेचे होऊन जाई. नंतरच्यांनी त्यातली जर तेवढी घेतली. निरीक्षण मागे राहिले. आजही ‘कॉस्च्युम फार छान होते’ असे प्रेक्षक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला साड्या महाग होत्या एवढेच म्हणायचे असते.

वेशभूषेसाठी नाटक कसे वाचायचे, याचा उत्तम धडा महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त आहे. विजया मेहतांनी १९८५ साली हे नाटक रंगमंचावर आणले. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, तात्याजींच्या निधनानंतरचे दिवस, मुंबईहून आलेला सुधीर आणि त्याची बायको अंजली, गावात राहिलेले भास्कर, त्याची बायको वहिनी, मुलगी रंजू आणि धाकटा भाऊ चंदू. वेशभूषाकाराने इथे आधी वहीत तक्ता आखावा. आडवे प्रवेश, उभी पात्रे. प्रत्येक चौकटीत चार गोष्टी लिहाव्यात: हा माणूस आता कुठून आला, त्याच्याजवळ पैसा किती, घरात त्याचे स्थान काय, आणि या प्रवेशात त्याला अंगाने काय करायचे आहे. तक्ता भरता भरता नाटकच बोलू लागते. घरात सुतक आहे, म्हणजे नवे, झगझगीत काही अंगावर येणार नाही. चंदू दिवसभर राबतो, त्याच्या पायाला जखम होते, म्हणजे त्याचे कपडे प्रवेशागणिक मळत जायला हवेत. अंजलीची साडी मुंबईची आहे, पण मध्यमवर्गीय मुंबईची. ती श्रीमंत दिसली तर दोन जावांमधला सूक्ष्म ताण नष्ट होईल, कारण पडत्या काळातही मान वाड्याचाच मोठा आहे.

आणि मग तो दागिन्यांचा प्रवेश. घराण्याचे सोने वहिनी रात्री अंगावर चढवते. पुढे तेच सोने घेऊन रंजू मास्तरबरोबर पळून जाते. म्हणजे दागिने हे या नाटकातले एक पात्रच आहे. इथे वेशभूषाकाराला निर्णय घ्यावा लागतो: वहिनी हे सोने कशावर घालणार? चांगल्या साडीवर घातले तर चित्र देखणे होईल आणि अर्थ हरवेल. विटलेल्या, रोजच्या साडीवर घातले तर वाड्याचे गेलेले वैभव आणि तिची उरलेली हौस एकाच अंगावर दिसतील. या निर्णयाला फारसा खर्च नाही. त्यासाठी नाटक दहा वेळा वाचावे लागते.

‘घाशीराम कोतवाल’ दुसरा धडा देते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक सादर केले. ब्राह्मणांची ती रांग सगळ्यांना आठवते. एकसारखा वेश केलेली माणसे प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहतात आणि भिंत होते, वळतात आणि शहर होते. नेपथ्याचे निम्मे काम तिथे वेश करतो. आज एकांकिका स्पर्धांत सगळ्या नटांना एकाच रंगाचे कुर्ते घालण्याची जी पद्धत रुळली आहे तिचे मूळ अशा प्रयोगांत असावे, असे मला वाटते. पण ‘घाशीराम’मधला सारखेपणा एका विशिष्ट समाजाचा आहे, त्यात जात, सत्ता, शहर आहे. काळ्या कुर्त्यातला सारखेपणा कोणाचाच नसतो. मंच लावायला मोजकी मिनिटे मिळतात आणि पैसे नसतात, ही मुलांची अडचण खरी आहे. तरीही सोय आणि शैली यांतला फरक त्यांना सांगणारे कोणी हवे.

ऐतिहासिक नाटकांची अवस्था सर्वांत चिंतेची आहे. ड्रेपरीवाल्याकडून येणारे कृत्रिम साटिन, चकचकीत सोनेरी लेस आणि सगळ्यांना एकाच मापाचे अंगरखे यांतून सतरावे शतक उभे राहत नाही. त्या काळातील चित्रांत शिवाजी महाराजांच्या अंगावर जामा, सुरवार आणि कमरेला पटका दिसतो. जाम्याचे बंद हिंदू डाव्या बगलेखाली बांधत आणि मुसलमान उजव्या, एवढी साधी गोष्ट पाळली तरी दरबाराच्या प्रवेशात न बोलता माहिती मिळते. पगड्यांचेही तेच. पुणेरी पगडी, शिंदेशाही पगडी, पागोटे, मुंडासे यांतून माणसाचा प्रांत, हुद्दा आणि काळ कळतो. ती माहिती भाड्याच्या एकाच तयार पगडीत गडप होते. इतिहास आणि रंगमंच दोन्ही हाती असलेला द. ग. गोडसे यांच्यासारखा माणूस मराठी नेपथ्याला लाभला होता. चित्रकार, इतिहास-संशोधक आणि नाटकवाला एका देहात असणे दुर्मीळ, हे मान्य. पण साधने तर सर्वांना खुली आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रे आहेत, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचे दालन आहे. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे भारतीय वेशावरचे इंग्रजी पुस्तक १९५१ सालचे आहे, आणि रोशन अल्काझी यांची प्राचीन व मध्ययुगीन वेशांवरची पुस्तके तर रंगभूमीवरच्या कामातूनच आली. विद्यार्थ्याने तिथे जाऊन हाताने रेखाटने करावीत. मोबाइलवर काढलेल्या फोटोत शिवण कुठे आहे ते दिसत नाही. रेखाटताना हात थबकतो आणि शिवण शोधावीच लागते.

शिवणीवरून कापडाकडे येतो, कारण शिक्षणातली सर्वांत मोठी पोकळी इथे आहे. विद्यार्थी सुंदर चित्र काढतो, पण तो पोशाख कोणत्या कापडातून निघेल हे त्याला सांगता येत नाही. कापड उभे कापले तर कसे पडते आणि उरेब कापले तर कसे झुलते, कळी घातल्याने घेर कसा येतो, बगलेत जागा सोडली नाही तर तलवार उपसताना अंगरखा कसा उसवतो, हे शिंप्याच्या टेबलापाशी उभे राहूनच कळते. महागडे कापड कापण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवून नटाला घालायला द्यावा, त्याला बसायला, वाकायला, पळायला सांगावे. या एका सवयीने निम्मे अपघात टळतात.

नऊवारीचे उदाहरण बोलके आहे. शिवलेली नऊवारी नृत्याच्या कार्यक्रमात सोयीची, कारण दोन गाण्यांच्या मध्ये बदलायला वेळ नसतो. पण व्यक्तिरेखाप्रधान नाटकात ती आली की अभिनयाचे नुकसान होते. नेसलेल्या लुगड्यात बाई दिवसभर काही ना काही करत असते: ओचा सारखा करते, पदर खोचते, कासोटा चाचपते, डोक्यावरून घसरलेला पदर वर ओढते. त्या हालचालींतून तिची घाई, संकोच, राग व्यक्त होतो. शिवलेल्या साडीत हे सगळे जागच्या जागी टाचलेले असते. शिवाय ब्राह्मणी नेसणे वेगळे, मराठा घरातले वेगळे, कोळणीचे तर त्याहून वेगळे. इरकल, चंद्रकळा, खणाची चोळी यांची निवडही घर, वय आणि प्रसंग पाहून व्हावी. अभिनेत्रीला नेसायला शिकवायला चार दुपारी द्याव्या लागतात आणि निर्मात्याने त्या दिल्या पाहिजेत.

रंगाबद्दल थोडक्यात. दुकानातल्या दिव्याखाली निवडलेला रंग रंगमंचावर तोच राहत नाही. लाल कापडावर हिरवा प्रकाश टाकला तर ते काळे दिसते. पांढरेशुभ्र कापड प्रकाशात इतके उजळते की नटाचा चेहरा मागे पडतो, म्हणून जाणकार ते चहाच्या पाण्यात बुडवून मंद करतात. एलईडी दिव्यांचा प्रकाश जुन्या हॅलोजनपेक्षा वेगळा पडतो, त्यामुळे जुन्या नाटकाचे कपडे पुनरुज्जीवनात तसेच वापरताना पुन्हा तपासावे लागतात. प्रकाशयोजनाकाराशी पहिल्या आठवड्यात बोलणे झाले नसेल तर ही तपासणी पहिल्या प्रयोगात, प्रेक्षकांसमोर होते.

आता शिक्षणाच्या व्यवस्थेकडे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी यांसारख्या संस्थांतून आलेल्या लोकांनी मराठी रंगभूमीला दृष्टी दिली. पण नाट्यशिक्षणात वेशभूषा हा अनेक विषयांतला एक विषय राहतो, आणि तिथे येणारा बहुतेक विद्यार्थी नट किंवा दिग्दर्शक व्हायला आलेला असतो. दुसरीकडे फॅशनच्या संस्थांत कापड आणि शिवण उत्तम शिकवतात, पण तिथे कपडा बाजारासाठी असतो, पात्रासाठी नसतो. कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी जे. जे.त चित्रकला शिकून ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळवले. भारतीयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर वेशभूषेचे होते. त्यांच्या महाराष्ट्रात या कलेचे स्वतंत्र, भरभक्कम शिक्षण मराठीतून मिळावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

व्यवहाराचा प्रश्नही टाळता येत नाही. साडीच्या दुकानाचे सौजन्य मिळाले की निर्मात्याचा खर्च वाचतो, पण मग पात्राने काय नेसावे हे दुकानातला माल ठरवतो. दौऱ्यावर रोज घामाने भिजणारे कपडे धुवायचे, वाळवायचे, दुरुस्त करायचे कोणी, हे करारात नसते. कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाला चेंज किती सेकंदांचा, नाडीऐवजी टिच बटण कुठे लावायचे, वायरलेस माइकची डबी कुठल्या पटक्यात बसते हे सगळे ठाऊक असते. त्याचे हे ज्ञान कुठेच नोंदले जात नाही. गाजलेल्या नाटकांचे पोशाख जपले गेले असते तर आजच्या विद्यार्थ्याला शिकायला घरचेच पाठ्यपुस्तक मिळाले असते.

म्हणून निर्मात्यांना आणि दिग्दर्शकांना विनंती आहे. वेशभूषाकाराला संहितेच्या पहिल्या वाचनाला बोलवा, त्याचे मानधन नेपथ्यकाराच्या बरोबरीने ठरवा, आणि नाटक बंद झाल्यावर त्याची रेखाटने, कापडाचे तुकडे आणि निदान मुख्य पात्रांचे पोशाख एखाद्या नाट्यशिक्षण संस्थेच्या हवाली करा. समीक्षकांनीही ‘अनुरूप’ हा शब्द लिहिण्याआधी, कशाला अनुरूप, ते पुढच्या वाक्यात लिहावे.