आदर्श गाव आणि गावकूस

गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठीत एक नवाच वाङ्मयप्रकार रुजला आहे. त्याला मी 'आदर्श गावाची कथा' म्हणतो. तिचा साचा ठरलेला. उजाड माळ, दारूच्या भट्ट्या, पोटासाठी परागंदा झालेली माणसे. मग एक निःस्वार्थी पुरुष गावात परततो, डोंगरावर चर खणले जातात, विहिरींना पाणी चढते, गाव पालटते. राळेगणसिद्धीची कथा अशी लिहिली गेली, हिवरे बाजारची लिहिली गेली, आमच्या जिल्ह्यातल्या पाटोद्याचीही थोड्याफार फरकाने अशीच.

ही कथा खोटी आहे असे मी म्हणत नाही. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले त्यानंतर हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आली, उसाला नकार मिळाला. ज्या ग्रामपंचायतीचे राजकारण एरवी गटाराच्या ठेक्यापलीकडे जात नाही, तिने भूगर्भातल्या पाण्यावर बोलावे आणि जमीनदाराला 'हे पीक घेऊ नकोस' असे सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे. पर्यावरणाची जाणीव असलेला राजकारणी स्थानिक सत्तेचा विषय बदलू शकतो, हे तिथे सिद्ध झाले. प्रश्न आहे तो सत्तेची माणसे बदलतात का, याचा.

देवगाव रंगारीत बसून मी हे लिहितो आहे. मराठवाड्यातल्या माणसाला पाझर तलाव समजावून सांगावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर खडी कोणी फोडली, माती कोणी वाहिली? बहुतांशी भूमिहीनांनी. तलावात पाणी साठले, ते जमिनीत झिरपले आणि खालच्या अंगाच्या विहिरींत उतरले. ज्याची विहीर त्याचे पाणी. ज्याला विहीर नाही त्याला मजुरी मिळाली आणि हिशेब तिथेच मिटला. पाणी जिरवा म्हणणाऱ्या प्रत्येक योजनेला, मग ती २०१४ ची जलयुक्त शिवार का असेना, हा साधा प्रश्न लागू आहे: जिरलेले पाणी वर कोणाच्या मोटारीने येणार?

राळेगणच्या धर्तीवर १९९२ साली शासनाने आदर्श गाव योजना आणली. तिची पंचसूत्री पाहा. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. पाचांतल्या चार बंद्या! ज्याच्या बांधाला गवत आहे, घरात कडबा आहे, त्याला चराईबंदी म्हणजे शिस्त. ज्या बाईच्या दोन शेळ्या गायरानावरच जगतात, तिला ती उपासमार. सरपणाचे तेच. आणि श्रमदान? जमीनवाला दिवसभर खपतो तो उद्या आपल्याच विहिरीला पाणी यावे म्हणून. भूमिहीन खपतो तेव्हा तो एका दिवसाची मजुरी दुसऱ्याच्या विहिरीला दान करतो. दोघांच्या घामाला एकच शब्द वापरणारी भाषा निरागस नसते.

या कथेत दलित येतो तो उपकृत म्हणून. राळेगणमध्ये दलित कुटुंबांचे कर्ज गावाने श्रमदानाने फेडले, हे कौतुकाने सांगितले जाते. कर्ज फिटले याचा आनंदच आहे. पण त्या कुटुंबांचे स्वतःचे म्हणणे त्या कथेत कुठे ऐकू येते? पाटोद्याच्या ग्रामपंचायतीने पूर्ण कर भरणाऱ्याला दळण मोफत दिले. कल्पना मोठी नामी. परंतु ज्याचे खोपटे गायरानावर आहे, ज्याच्या घराची नमुना आठला धड नोंदच लागत नाही, त्याने कर भरावा कसा आणि दळण मागावे कोणत्या तोंडाने? याच्या जोडीला बिनविरोध निवडणुकीचे कोडकौतुक. हिवरे बाजारला तीन दशके मतदान झाले नाही. ते झाले २०२१ साली. विरोध नाही याचा अर्थ सर्व एकमताचे आहेत, असे ज्याला वाटते त्याने गावकुसाबाहेर राहून पाहिलेले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाण्यास साफ नकार दिला, तो या अनुभवातून.

पाणी आणि स्थानिक सत्ता यांचा धडा आपल्याला राळेगणने शिकवलेला नाही. तो महाडचा आहे. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावाला देह मिळाला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव फिरवला आणि निकाल लागायला १९३७ साल उजाडले. सत्ता ठराव करते, सत्ताच तो मागे घेते. पाठीशी हक्क सांगणारी माणसे उभी असतील तरच तो टिकतो.

या अंगाने पाहिले तर मला विलासराव साळुंखे यांचे काम अधिक मोलाचे वाटते. १९७२ नंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून निघालेल्या त्यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या मापाने दिले नाही, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येने दिले. माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही वाटा ठेवला. सांगली जिल्ह्यातल्या बळीराजा धरणाच्या चळवळीने १९८० च्या दशकात हेच तत्त्व उचलले. शासनाने यातून काय घेतले? सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा पाणी वापर संस्थेचे सभासदत्व देतो ते लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाला. भूमिहीन दारातच उभा.

तेव्हा हिरव्या विचाराच्या सरपंचाला माझे विचारणे एवढेच आहे. पाण्याचा ताळेबंद फळ्यावर मांडता तेव्हा त्यात बिनविहिरीच्या घरांचा रकाना आहे का? स्वउत्पन्नाचे पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्चायचे बंधन ग्रामपंचायतीवर आहे. तो हिशेब ग्रामसभेत वाचला जातो का? आणि गायरानाचे काय? दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून एकनाथ आवाडांच्या लढ्यापर्यंत मराठवाड्यातला दलित ज्या जमिनीसाठी झगडला, तीच जमीन आज पर्यावरणाच्या नावाने मागितली जाते. कधी वृक्षलागवडीसाठी, कधी सौर प्रकल्पासाठी. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा गेल्या. झाड हवे, सूर्याची वीज हवी, कोण नाही म्हणतो? पण रोप लावायचे तर ते कसणाऱ्याच्या नावावर पट्टा करून, त्याच्याच हाताने लावता येते. तसा ठराव कोणत्या आदर्श गावाने केला आहे, ते त्या कथा लिहिणाऱ्यांनी एकदा छापावे.