टायपिस्ट निवृत्त झाली, चित्रं कधी होणार?

यंदाचे दिवाळी अंक चाळून झाले आणि डोकं फिरलं. ऑफिसवरची व्यंगचित्रं तेवढी बाजूला काढत गेलो. साहेबाच्या टेबलाला खेटून बसलेली टायपिस्ट, फायलींच्या ढिगामागे घोरणारा कारकून आणि ‘आयटी’ म्हणून लॅपटॉपसमोर बायकोला घाबरून बसलेला नवरा. अहो, टाइपरायटर भंगारात जाऊन किती वर्षं झाली! हजेरी अंगठ्यावर गेली, फायली ई-ऑफिसमध्ये गेल्या, सरकारी खरेदी जेम पोर्टलवर गेली. आमचा व्यंगचित्रकार मात्र अजून त्या टायपिस्टचा स्कर्ट आखूड करत बसलाय.

परंपरेचा दाखला देऊन मला कुणी गप्प करू नये. शि. द. फडणीसांच्या शब्दांवाचून हसवणाऱ्या चित्रांपुढे मी हात जोडतो, पण ते कचेरीत रमणारे नव्हेत. आर. के. लक्ष्मण मंत्र्याच्या टेबलापर्यंत गेले. तिथे दिवसभर काम काय चालतं, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या चावट खिडकी-चित्रांबद्दल न बोललेलं बरं. मोबाइलवरची मीम्स म्हणजे सोमवारची भीती, बास. यूट्यूबवरच्या ऑफिस-विनोदात नट झकास, ऑफिस खोटं.

उरतात दोघे, आणि त्यांच्यासाठीच हा लेख. वसंत सरवटे हे एसीसी या सिमेंट कंपनीतले अभियंते. नोकरी सांभाळून त्यांनी चित्रं काढली, आणि ती नोकरी चित्रांत दिसते. त्यांच्या माणसाच्या बसण्यावरून ओळखावं की याची बढती हुकलीय. हसू चित्राखालच्या ओळीत नसतं, खांद्याच्या उतारात असतं. ‘ललित’ मासिकातला त्यांनी रेखाटलेला ठणठणपाळ सगळ्यांना आठवतो, पण खुर्चीत अवघडलेली त्यांची मध्यमवर्गीय माणसं कुणी पुढे नेली नाहीत. दुसरे मारिओ मिरांडा. त्यांची मिस फोन्सेका जुन्या साच्यातलीच, मान्य. पण तिच्याच ऑफिसातला गोडबोले बघा. कारकुनाला नाव, चेहरा आणि पुन्हा पुन्हा भेटण्याचा हक्क दिला तो एका गोवेकराने, इंग्रजी वाचकांसाठी. आडनाव एवढं आपलं असून मराठीने त्याला घरी आणलं नाही!

पुन्हा पुन्हा भेटणं, इथेच सगळी गोम आहे. आपली परंपरा एकचित्री आणि वार्षिक. एका चौकटीत धक्का द्यायचा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत रजा. ऑफिसचा विनोद धक्क्यातून येत नाही. तोच माणूस तीच मीटिंग मंगळवारी पुन्हा घेतो, यातून तो येतो. त्याला रोजची चित्रपट्टी लागते. मराठीत ती चालत नाही, असं म्हणायची सोय नाही; प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा ‘चिंटू’ 1991मध्ये ‘सकाळ’मध्ये आला आणि घराघरात रुळला. पण चिंटूचे पप्पा ऑफिसात दिवसभर काय करतात, हे कुणी विचारलं का?

अमेरिकेत स्कॉट अॅडम्सने 1989मध्ये ‘डिल्बर्ट’ सुरू केलं, तेव्हा तो पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता आणि 1995पर्यंत राहिला. 1993मध्ये त्याने पट्टीवरच आपला ई-मेल पत्ता छापला. मग वाचकांची गाऱ्हाणीच त्याचा कच्चा माल झाली. पुढे 2023मध्ये वंशद्वेषी बोलण्यापायी वर्तमानपत्रांनी त्याला बाहेर काढलं, ते योग्यच झालं. रीत मात्र उचलण्याजोगी आहे: आत नोकरी करणाऱ्याने काढावं आणि आतल्यांनी पुरवावं.

कच्चा माल नाही, असं पुण्या-मुंबईच्या संपादकांनी म्हणावं आणि आम्ही भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला, आयुध निर्माणीच्या दारात राहून ऐकावं? 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झालं. 41 कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले, आमची भंडाऱ्याची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियाकडे आली. देशभरातली सुमारे 70 हजार माणसं रात्री सरकारी खात्यात झोपली आणि सकाळी कंपनीत उठली, तीही ‘डीम्ड डेप्युटेशन’वर, म्हणजे मानीव प्रतिनियुक्तीवर. खुर्ची तीच, चार्जमन तोच, पाटी नवी. एवढ्यावर पाच वर्षांच्या पट्ट्या निघतील. आयटीवाल्या हिंजवडीचा सगळा विनोद फोनवर जगतो. इथे स्फोटकांच्या आवारात काडेपेटीसारखाच मोबाइलही बाहेर ठेवावा लागतो. आठ तास फोनविना राहणारा माणूस आज कुठल्या व्यंगचित्रात दिसतो?

यावर ठरलेलं उत्तर येतं: संरक्षणाची बाब, गोपनीयता. रजेचा अर्ज कुणाच्या टेबलावर अडकला, यात कसलं राष्ट्रीय गुपित? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 24 जानेवारी 2025च्या स्फोटात या फॅक्टरीतली आठ माणसं गेली. त्यावर हसा, असं कोण म्हणेल? पण अशा जागी काम करणारी माणसं पाळी सुरू होण्याआधी एकमेकांची खेचतात, आणि तो विनोद दिवाळी अंकातल्या चावट चित्रांपेक्षा कितीतरी प्रौढ असतो. रात्रभर खडी गंमत बघणाऱ्या झाडीपट्टीला विनोद शिकवायला कुणी येऊ नये. या माणसांतल्या कुणी चित्र काढून पाठवलं, तर चित्रकलेची पदवी नाही म्हणून त्याला दारात अडवणारे संपादक मराठी व्यंगचित्राचं नुकसान करताहेत.

तेव्हा संपादकहो, पुढच्या अंकाची आखणी कराल तेव्हा त्याच त्या नावांना फोन लावण्याआधी एखाद्या चार्जमनला, नागपूरच्या मिहानमधल्या सॉफ्टवेअर टेस्टरला, तलाठी कार्यालयातल्या ऑपरेटरला चार पानं द्या. रेघ कच्ची असली तरी छापा. आणि मानधन अंक विकायची वाट न बघता द्या. पगारदार माणसाला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळायची सवय असते.